सौर उद्रेक आणि चुंबकीय पीळ
सूर्यावरचा स्फोट म्हटलं की आगीचा भडका डोळ्यासमोर येतो, पण इथे जळत काहीच नसतं, सगळी एनर्जी चुंबकीय क्षेत्राला पडलेल्या पिळातून येते. सूर्य म्हणजे प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा, गोळा, त्यामुळे तो सगळीकडे एकाच वेगाने फिरत नाही, विषुववृत्ताजवळ एक फेरी साधारण 25 दिवसांत होते आणि ध्रुवांकडे 35 च्या आसपास लागतात. चुंबकीय रेषा प्लाझ्माला चिकटलेल्या, तो नेईल तिकडे त्या जातात आणि ताणल्या, गुंडाळल्या जातात, मग त्यांचे काही जुडगे पृष्ठभाग फोडून कमानीसारखे बाहेर येतात. कमानीचे पाय रोवलेले असतात तिथे सौरडाग दिसतात (डागांत जबरदस्त चुंबकीय क्षेत्र असतं हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांनी 1908 मध्ये दाखवलं).

हे पाय काही स्वस्थ बसत नाहीत. खालचा प्लाझ्मा त्यांना सरकवत, फिरवत राहतो आणि वर कोरोनात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, पीळ वाढत जातो, कधी कधी कित्येक दिवस. वरच्या कमानी त्याला दाबून धरतात. क्ष-किरणांच्या फोटोत इंग्रजी एससारखा वळलेला चमकदार पट्टा दिसला की तिथे काहीतरी शिजतंय असं समजायचं. शेवटी उलट दिशेच्या रेषा अगदी पातळ थरात एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात, यालाच रिकनेक्शन म्हणतात, आणि साठलेली एनर्जी काही मिनिटांत सुटते. प्लाझ्मा 1 कोटी अंशांच्या वर तापतो, तो लखलखाट म्हणजे फ्लेअर.

कधी कधी दाबून धरलेला पिळलेला प्लाझ्माही सुटतो आणि ढगासारखा अवकाशात फेकला जातो, तो सीएमई (कोरोनल मास इजेक्शन). फ्लेअर आणि सीएमई एकच समजायची चूक बातम्यांमध्ये सर्रास होते. फ्लेअरचा प्रकाश 8 मिनिटांत पृथ्वीवर पोचतो, सीएमई म्हणजे अब्जावधी टन प्लाझ्मा, त्याला बहुतेक वेळा 1 ते 3 दिवस लागतात, 1859 मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टननी पाहिलेल्या फ्लेअरनंतर मात्र जेमतेम 18 तासांत पृथ्वीवर चुंबकीय वादळ धडकलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं, रिकनेक्शनमध्ये एनर्जी सुटते पण एकूण पीळ जवळपास तेवढाच राहतो आणि सीएमई त्यातला बराचसा सोबत घेऊन निघतं. आपल्याकडे येणाऱ्या ढगातलं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी पुन्हा रिकनेक्शन करतं, मार्च 1989 मध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज सुमारे 9 तास घालवली, आणि उत्तरेकडे असलं तर तेवढाच मोठा ढग बऱ्यापैकी निमूट निघून जातो.