संमतिवयाचा वाद आणि उदारमतवाद

उदारमतवाद ही पाश्चात्त्यांची मूल्यं, ती आमच्या माथी मारली जातात, हा आरोप मराठी वर्तमानपत्रांत १८८०च्या दशकातच भरपूर उगाळून झाला होता. त्याची सुरुवात मुंबईतल्या एका खटल्यापासून सांगावी लागते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. पुढे त्यांनी नांदायला जायला नकार दिला तेव्हा नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४मध्ये हायकोर्टात दावा लावला. १८८५मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, आणि कारण मोठं मजेदार दिलं: बायकोला कोर्टामार्फत नांदायला आणण्याची सोय हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, ती इंग्लंडहून आली आहे. म्हणजे धर्म बुडाला म्हणून ओरडणारे प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या कायद्याची, जिथून ही सोय आली त्याची, पाठराखण करत होते! टिळकही दादाजीच्या बाजूचे. अपिलात निकाल फिरला. १८८७मध्ये न्या. फॅरन यांनी फर्मावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. अखेर १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

मग कलकत्त्याचं फुलमणी दासी प्रकरण. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. पण कायद्यातली संमतिवयाची, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देता येण्याच्या वयाची, मर्यादा दहा वर्षांचीच, त्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. ही मर्यादा बारावर नेणारा कायदा १९ मार्च १८९१ला मंजूर झाला. मलबारी, रानडे, भांडारकर, आगरकर हे सुधारक बाजूने; टिळक विरोधात. सुधारणा लोकांनी स्वतः कराव्यात, परक्या सरकारने कायद्याने नव्हे, हा त्यांचा मुद्दा. १८९०मध्ये त्यांनी सुधारकांपुढे प्रतिज्ञाच ठेवली होती, मुलीचं लग्न सोळाच्या आत करायचं नाही अशी.

टिळकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आगरकर ज्याला मानत तो इंग्रज उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. १८५९च्या ‘ऑन लिबर्टी’त त्याने मागासलेल्या समाजांना स्वातंत्र्याच्या तत्त्वातून सरळ वगळलं, सुधारणेसाठी असेल तर तिथे हुकूमशाहीही चालेल म्हणाला. गंमत अशी, की त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या मॉर्मन पंथीयांच्या बहुपत्नीत्वाबद्दल तो लिहितो: मला ही चाल अजिबात पसंत नाही, पण कोणत्याही समाजाला दुसऱ्याला जबरदस्तीने सुधारण्याचा अधिकार नाही. मात्र यासाठी त्याची एक अट आहे: नको असेल त्याला तो समाज सोडून जाता आलं पाहिजे. माझ्या मते वादाचा काटा इथे आहे. टिळक विचारत होते की सरकार समाजावर लादतं का. दहा वर्षांच्या मुलीवर समाज काय लादतो, आणि तिला बाहेर पडायची वाट आहे का, हा प्रश्न आगरकरांचा.

रानड्यांनी १८९६मध्ये डेक्कन सभा ही राजकीय संस्था काढली ती उदारमतवादाचं नाव उघडपणे घेऊनच. पिन्हींनी परकी ठरवलेली ती कोर्टामार्फत नांदायला आणण्याची तरतूद इंग्लंडने १९७०मध्ये रद्द केली. आपल्याकडे १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ती कलम ९ म्हणून आली आणि अजून आहे.