पार्श्वभूमी: अठरा खासदार आणि न झालेली निवडणूक

10 मे 2020 हा पोलंडमधल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस होता. रिंगणात दहा उमेदवार होते, प्रचारबंदी लागू होती, पण देशात एकही मतदान केंद्र उघडले नाही. निवडणूक रद्द झाली नव्हती आणि पुढेही ढकलली गेली नव्हती. ती नुसती झालीच नाही. असे का घडले याचा माग काढताना यारोस्वाव गोविन यांच्यापाशी यावेच लागते. दोन पक्षांच्या सरकारांत मंत्री राहिलेले, दोन्हीकडून बाहेर पडलेले आणि स्वतःचा पक्ष दोनदा उभा केलेले हे नेते. पोलंडबाहेर त्यांची ओळख ‘पक्ष बदलणारा मंत्री’ एवढीच उरली आहे. ती खोटी नाही, पण फार अपुरी आहे.

गोविन क्राकुफचे, जन्म 1961 चा. शिक्षण तत्त्वज्ञानाचे. राजकारणात येण्यापूर्वी दहा-अकरा वर्षे ते क्राकुफमधल्या एका प्रतिष्ठित कॅथलिक वैचारिक मासिकाचे संपादक होते आणि पुढे तिथल्याच एका खासगी उच्चशिक्षण संस्थेचे प्रमुख. धर्माने आणि विचाराने परंपरावादी, अर्थकारणात मात्र खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते. 2005 मध्ये ‘नागरी व्यासपीठ’ या पक्षातर्फे ते सिनेटवर निवडून आले, 2007 मध्ये सेयममध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात गेले. त्या काळी या पक्षात उदारमतवादी आणि परंपरावादी एका छपराखाली नांदत होते. गोविन दुसऱ्या गटाचे मोहरे होते.

नोव्हेंबर 2011 मध्ये त्यांना न्यायमंत्री केले गेले. कायद्याची पदवी नसलेला माणूस या खात्यावर बसवल्याने वकील आणि न्यायाधीश मंडळी तेव्हाच बिथरली होती. गोविन यांनी 79 लहान न्यायालये मोठ्या न्यायालयांना जोडून टाकली, टॅक्सीचालक, पर्यटक मार्गदर्शक, मालमत्ता दलाल अशा अनेक व्यवसायांवरची परवान्यांची बंधने सैल करणारा कायदा पुढे रेटला. पंतप्रधानांशी खटका उडाला तो मात्र वेगळ्याच विषयांवर. जानेवारी 2013 मध्ये लग्न न केलेल्या जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाची विधेयके सभागृहात आली. त्यांतले एक गोविन यांच्याच पक्षाचे होते. न्यायमंत्री म्हणून उभे राहून त्यांनी ती राज्यघटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. पंतप्रधानांना त्याच सभागृहात उठून हे सरकारचे मत नाही, असे स्पष्ट करावे लागले. एप्रिलच्या शेवटी भ्रूणांवरच्या प्रयोगांबद्दल केलेले एक विधान निमित्त ठरले आणि मंत्रिपद गेले. उन्हाळ्यात त्यांनी पंतप्रधानांविरुद्धच पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवली, सुमारे 20 टक्के मते घेतली आणि सप्टेंबरमध्ये पक्ष सोडला.

पोलंडमध्ये आपल्याकडच्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. खासदार साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी आहे, मतदारांच्या आदेशांनी तो बांधलेला नाही, असे तिथली घटना सांगते. त्यामुळे पक्ष सोडूनही गोविन यांची खासदारकी शाबूत राहिली. डिसेंबर 2013 मध्ये त्यांनी ‘एकत्र पोलंड’ हा पक्ष काढला. 2014 च्या युरोपीय निवडणुकीत त्याला 3.16 टक्के मते पडली. उंबरठा 5 टक्क्यांचा. एकट्याने लढणे म्हणजे बुडणे, हे उघड झाले आणि दोनच महिन्यांत त्यांनी ‘कायदा आणि न्याय’ या, जुन्या पक्षाच्या कडव्या विरोधी पक्षाशी हातमिळवणी केली. टीकाकारांना इथे निव्वळ संधिसाधूपणा दिसतो. मला तसे वाटत नाही. ज्या परंपरावादी मतांपायी जुन्या पक्षात त्यांची कोंडी झाली, त्या मतांना त्या वेळी दुसरे कोणतेच घर मोकळे नव्हते. घर मिळाले तरी भाड्याने मिळाले होते, आणि ते भाडे पुढे भरावेच लागले.

2015 च्या निवडणुकीआधी त्यांचे नाव संरक्षणमंत्री म्हणून जाहीर झाले होते. निवडणूक जिंकल्यावर ते खाते दुसऱ्याकडे गेले, गोविन उपपंतप्रधान आणि विज्ञान व उच्चशिक्षण मंत्री झाले. विद्यापीठांचा कारभार मुळापासून बदलणारा 2018 चा कायदा हे त्यांचे सर्वांत टिकाऊ काम. कुलगुरूंच्या हाती जास्त अधिकार एकवटतात म्हणून वॉर्सा विद्यापीठात विद्यार्थ्यांनी सज्जा अडवून धरला होता. तरीही बऱ्याच दुरुस्त्या करून तो मंजूर झाला. दरम्यान, 2017 च्या अखेरीस त्यांच्या ‘एकत्र पोलंड’ पक्षाने ‘सामंजस्य’ हे नवे नाव घेतले.

त्याच 2017 च्या जुलैमध्ये न्यायव्यवस्थेवर सरकारची पकड घट्ट करणारी विधेयके आली. हजारो लोक मेणबत्त्या घेऊन न्यायालयांसमोर उभे राहिले. गोविन यांना ही विधेयके खटकत होती, तसे त्यांनी बोलूनही दाखवले, आणि मत मात्र बाजूने दिले. त्यांतली दोन अखेर राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरून अडवली. गोविन यांच्याबद्दल आस्था बाळगणाऱ्यालाही हा डाग पुसता येत नाही. माजी न्यायमंत्री म्हणून त्या कलमांचा अर्थ इतरांपेक्षा त्यांना अधिक कळत होता.

आता 2020 कडे येऊ, कारण सगळा वाद तिथे साठलेला आहे.

2019 च्या निवडणुकीत सत्ताधारी यादीला 460 पैकी 235 जागा मिळाल्या. त्यांतले 18 खासदार ‘सामंजस्य’चे. हे 18 वजा केले की 217 उरतात. बहुमताला 231 लागतात. सिनेट तर काठावरच्या बहुमताने विरोधकांकडे गेलेच होते. म्हणजे सिनेटने एखादे विधेयक फेटाळले, तर तो नकार मोडून काढायला सेयममध्ये गोविन यांच्या माणसांशिवाय मते पुरत नव्हती.

मार्चमध्ये करोना आला. 20 मार्चला सरकारने ‘साथीची स्थिती’ जाहीर केली आणि पुढचा सगळा गुंता इथून सुरू झाला. पोलंडच्या घटनेत आणीबाणीच्या तीनच अवस्था आहेत: युद्धस्थिती, आणीबाणी आणि नैसर्गिक आपत्तीची स्थिती. यांपैकी कोणतीही एक लागू असेपर्यंत आणि ती संपल्यावर 90 दिवस निवडणूक घेताच येत नाही, उलट पदावरच्या माणसाची मुदत आपोआप वाढते. ‘साथीची स्थिती’ मात्र साध्या आरोग्य कायद्यातली. दुकाने बंद, शाळा बंद, जंगलात फिरायलासुद्धा काही दिवस बंदी, इतके सगळे त्या कायद्याखाली झाले, पण निवडणुकीचे घड्याळ चालूच राहिले. राष्ट्राध्यक्षांची मुदत 6 ऑगस्टला संपत होती. घटनेच्या हिशोबाने मतदान 23 मेपर्यंत झालेच पाहिजे होते. आपत्तीची स्थिती जाहीर करा, प्रश्न आपसूक सुटेल, असे विरोधक सांगत होते. तसे केले तर उद्योगांना भरपाई द्यावी लागेल, हे सरकारचे उत्तर. सत्ताधाऱ्यांचा उमेदवार, म्हणजे विद्यमान राष्ट्राध्यक्ष, त्या वेळी चाचण्यांत खूप पुढे होता आणि आर्थिक फटका बसल्यावर ती आघाडी टिकली नसती, हेही कुणापासून लपलेले नव्हते.

सत्ताधारी पक्षाने तोडगा काढला तो सरसकट टपाली मतदानाचा. सुमारे तीन कोटी मतदारांना घरपोच मतपत्रिका, आणि तयारीला महिनाभर. गोविन यांनी पर्याय मांडला: घटनादुरुस्ती करून विद्यमान राष्ट्राध्यक्षांची मुदत दोन वर्षांनी वाढवा आणि त्यांना पुन्हा उभे राहू देऊ नका. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात, विरोधकांशिवाय ती जमणार नव्हती आणि विरोधकांनी ती दिली नाहीत. 6 एप्रिलला गोविन यांनी उपपंतप्रधानपद सोडले.

राजीनामा दिला, पण पक्ष आघाडीतच ठेवला. त्यांच्या बहुतेक खासदारांनी त्याच दिवशी टपाली मतदानाच्या विधेयकाच्या बाजूने मत दिले. विधेयक 230 विरुद्ध 226 अशा फरकाने सेयममध्ये पार झाले आणि सिनेटकडे गेले. तेव्हा अनेकांनी गोविन यांना भित्रा म्हटले. पण वेळापत्रक पाहिले तर त्या चालीमागचा विचार दिसतो. सिनेटला विधेयकावर 30 दिवस मिळतात. विरोधकांचे सिनेट ते पुरेपूर वापरणार, हे ठरलेलेच. म्हणजे खरा सामना 6 एप्रिलला नव्हताच, तो मेच्या पहिल्या आठवड्यात होणार होता. त्या महिनाभरात आपले अठरा सांभाळायचे, हे गोविन यांच्यापुढचे काम होते. सत्ताधारी पक्ष त्यांतल्या एकेकाला गाठत होता. उपपंतप्रधानपदही ‘सामंजस्य’च्याच एका मंत्र्याकडे सोपवले गेले होते.

सरकार मात्र कायद्यासाठी थांबले नाही. 16 एप्रिलला करोनाविषयक दुसऱ्याच एका कायद्यात कलम घालून निवडणूक आयोगाचा मतपत्रिका छापण्याचा अधिकार काढून घेतला गेला आणि त्याच दिवशी पंतप्रधानांनी टपाल खात्याला तयारीचे फर्मान काढले. टपाली मतदानाचा कायदा अजून सिनेटात पडून होता. एका रात्री महापौर आणि नगराध्यक्षांच्या कार्यालयांत टपाल खात्याकडून ईमेल आले: मतदारयाद्या पाठवा. खाली कुणाची सही नाही. यादीत नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक असतो. तो कोणत्या कायद्याने द्यायचा, असा उलटा प्रश्न करून अनेक शहरांनी नकार दिला. त्याच सुमारास एका उमेदवाराने मतदानाचे पाकीट पत्रकारांसमोर उघडून दाखवले. अजून मंजूर न झालेल्या कायद्याची मतपत्रिका छापून तयार होती आणि बाहेर फुटलीही होती.

5 मे रोजी सिनेटने विधेयक फेटाळले. आता सेयममध्ये अठरांची मोजदाद होणार होती. 6 मेच्या संध्याकाळी सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष आणि गोविन यांचे संयुक्त निवेदन आले. आशय असा: 10 मे रोजी मतदान होणार नाही, सर्वोच्च न्यायालय ही निवडणूक अवैध ठरवेल, मग नवी निवडणूक जाहीर होईल, आणि या बदल्यात ‘सामंजस्य’ विधेयकाला पाठिंबा देईल. दुसऱ्या दिवशी तसेच मतदान झाले.

हा निर्णय आजही वादात आहे, आणि टीकेत तथ्य आहे. दोन पक्षाध्यक्षांनी बंद दाराआड बसून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होणार नाही, असे ठरवले. तो अधिकार त्यांना कोणत्याच कायद्याने नव्हता. सर्वोच्च न्यायालय काय निकाल देईल, हे न्यायालयाआधी दोन राजकारण्यांनी जाहीर केले. प्रत्यक्षात न्यायालयापर्यंत जावेच लागले नाही. 10 मेच्या रात्री निवडणूक आयोगाने ठराव केला की उमेदवारांना मत देण्याची शक्यताच नव्हती, आणि ही परिस्थिती उमेदवारच नसल्यासारखी समजावी. निवडणूक संहितेतले ते कलम मुळात एकही उमेदवार नसेल किंवा एकच उरेल तेव्हासाठीचे, इथे तर दहा उमेदवार उभे होते. तरी या कलमाच्या आधाराने घड्याळ पुन्हा शून्यावर आले.

पण दुसरी बाजू मला अधिक वजनदार वाटते. ती निवडणूक झाली असती तर मतपत्रिका सरकारने छापलेल्या, वाटप एका मंत्र्याच्या अखत्यारीतल्या टपाल खात्याचे, आयोग बाजूला आणि परदेशातल्या कित्येक पोलिश नागरिकांना मतदान अशक्य. त्यातून निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाला अर्ध्या देशाने कधीच मानले नसते. ते थांबवण्याचा वैध मार्ग सरकारने स्वतःच बंद केला होता. उरलेला मार्ग वाकडा होता आणि गोविन त्यावरून गेले.

परिणाम ताबडतोब दिसले. मुख्य विरोधी पक्षाने चाचण्यांत कोसळलेली आपली उमेदवार बदलून वॉर्साच्या महापौरांना उतरवले. 28 जूनला पहिली फेरी आणि 12 जुलैला दुसरी फेरी झाली, केंद्रांवर आणि टपालाने, आयोगाच्या देखरेखीखाली. दुसऱ्या फेरीत 68 टक्क्यांहून अधिक मतदान झाले. विद्यमान राष्ट्राध्यक्ष 51.03 टक्के मतांनी जिंकले, फरक सव्वाचार लाख मतांच्या आत. न झालेल्या निवडणुकीवर सुमारे 7 कोटी झ्वॉटी खर्च झाले होते.

ऑक्टोबर 2020 मध्ये गोविन उपपंतप्रधान म्हणून परतले, या वेळी विकास, श्रम आणि तंत्रज्ञान खाते घेऊन. पण सत्ताधारी पक्षाने मेची गोष्ट विसरलेली नव्हती. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘सामंजस्य’च्याच एका युरोपीय खासदाराने दावा केला की गोविन यांची अध्यक्षपदाची तीन वर्षांची मुदत 2018 मध्येच संपली आहे आणि पक्षाचा कारभार आता आपल्याकडे आहे. प्रकरण न्यायालयात गेले. दावेदाराचे तिथे काही चालले नाही आणि जूनमध्ये त्याने वेगळा पक्ष काढला. काही खासदार त्याच्याकडे गेले. 10 ऑगस्टला, करवाढ आणि परकीय मालकीच्या दूरचित्रवाहिनीवर नेम धरणारा माध्यम कायदा या दोन्हींना विरोध करणाऱ्या गोविन यांना पंतप्रधानांनी मंत्रिमंडळातून काढले. ‘सामंजस्य’ आघाडीतून बाहेर पडले, पण तोवर त्याच्याकडे मूठभर खासदार उरले होते आणि सरकार पडले नाही.

डिसेंबर 2022 मध्ये गोविन यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. 2023 च्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या उत्तराधिकारी मध्यममार्गी आघाडीच्या यादीतून निवडून आल्या. म्हणजे गोविन स्वतः ज्या ‘नागरी व्यासपीठा’तून निघाले होते, त्याच्याच जोडीने सत्तेत येणाऱ्या बाकांवर.

टपाली निवडणुकीचा हिशोब मात्र चालूच राहिला. पंतप्रधानांचे 16 एप्रिलचे फर्मान कायद्याचा ढळढळीत भंग करणारे होते, असे वॉर्साच्या प्रशासकीय न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्येच म्हटले होते. जून 2024 मध्ये वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने तो निकाल कायम केला. सत्ताबदलानंतर सेयमने चौकशी समिती नेमली, तिच्यापुढे जानेवारी 2024 मध्ये गोविन यांची साक्ष झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये, 2020 साली पंतप्रधान असलेल्या नेत्यावर अधिकाराच्या गैरवापराचा आरोप ठेवण्यात आला. तो त्यांनी नाकारला आहे.