होलसेलिंग करताना टायटल कंपनी आणि अ‍ॅटर्नी एवढे प्रश्न का विचारतात, त्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत होलसेलिंग करणारा माणूस घर विकत नाही, घर घ्यायचा करार विकतो. मालकाशी समजा १ लाख डॉलरला करार केला आणि तोच १ लाख १० हजार देणाऱ्याच्या नावावर केला, की मधले १० हजार ही त्याची असाइनमेंट फी. पण ही फी मिळते क्लोजिंगला, म्हणजे कागद आणि पैसे देऊन-घेऊन व्यवहार पुरा होतो तेव्हा, आणि क्लोजिंग करणार टायटल कंपनी (मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणारी) नाहीतर अ‍ॅटर्नी, म्हणजे वकील. या धंद्यात नव्याने उतरलेले आपले लोक त्यांच्या प्रश्नांना वैतागतात, त्यांनी थोडी हिस्टरी बघायलाच हवी.

आधी टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासायचे ते कन्व्हेयन्सर, म्हणजे खरेदी-विक्रीची कागदपत्रं करणारे लोक. फिलाडेल्फियात वॉटसन नावाच्या माणसाने म्युअरहेड या कन्व्हेयन्सरच्या सांगण्यावरून प्रॉपर्टी घेतली, म्युअरहेडला जुने कोर्टाचे बोजे दिसले होते पण वकील म्हणाला हे प्रॉपर्टीवर लागू नाहीत, आणि नंतर ते लागू निघाले. १८६८ मधे पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की म्युअरहेडने वकिलाचा सल्ला घेऊन काम केलंय, हलगर्जीपणा नाही, म्हणजे भरपाई नाही. वॉटसनचे पैसे गेले ते गेलेच. आपल्याकडचा वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, तोही अभिप्रायच असतो, विमा नाही. मग १८७४ मधे पेनसिल्व्हेनियात टायटल इन्शुरन्सचा कायदा झाला आणि १८७६ मधे फिलाडेल्फियातच पहिली टायटल इन्शुरन्स कंपनी निघाली, आता चूक कोणाचीही असो पैसे कंपनी भरणार. आता जो स्वतःच्या खिशातून भरणार तो प्रश्न विचारणारच ना, मला तर यात काहीच गैर वाटत नाही.

दुसरा धडा शिकागोचा. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत कोर्टहाऊस जळलं, जमिनीचे सरकारी रेकॉर्ड गेले, वाचल्या त्या खासगी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट फर्मच्या (जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा गोषवारा ठेवणाऱ्यांच्या) वह्या, आणि पुढे कोणाची जमीन कुठली ते त्यावरूनच ठरवलं गेलं. खासगी टायटल कंपन्यांचं वजन वाढलं ते यामुळेही.

अ‍ॅटर्नीचं मात्र राज्याराज्यात वेगळं आहे. साउथ कॅरोलायनाच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मधे क्लोजिंग हे वकिलीचंच काम ठरवलं, जॉर्जियातही अ‍ॅटर्नी लागतोच, तर टेक्सास, फ्लोरिडात टायटल कंपनी सगळं उरकते. आयोवाने तर १९४७ मधे टायटल इन्शुरन्स विकायलाच बंदी घातली, तिथे आजही अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि अ‍ॅटर्नीचं ओपिनियन चालतं.

होलसेलरला खरा फटका बसला २००३ मधे. एफएचए लोनसाठी (सरकारी विमा असलेलं गृहकर्ज) नियम आला की विकणारा रेकॉर्डवरचा मालकच हवा आणि करार असाइन झालेला नको, शिवाय मालकी ९० दिवसांच्या आतली असेल तर लोन नाही. म्हणजे असं लोन घेणारा बायर असाइनमेंटमधून बादच, म्हणून कॅश बायर शोधायचे. २००८ च्या मंदीनंतर बऱ्याच टायटल कंपन्या डबल क्लोजिंगलाही (आधी होलसेलरने स्वतः घर घ्यायचं आणि लगेच पुढच्याला विकायचं) कचरायला लागल्या, शेवटच्या बायरच्या पैशातून पहिला व्यवहार करू देईनात, त्यातून एका दिवसापुरतं मिळणारं ट्रान्झॅक्शनल फंडिंग वाढलं. नंतर इलिनॉयने २०१९ मधे वर्षभरात एकापेक्षा जास्त असे व्यवहार करणाऱ्याला लायसन्स सक्तीचं केलं, फिलाडेल्फियाने २०२० मधे होलसेलरसाठी वेगळं लायसन्स आणलं, ओक्लाहोमाचा कायदा २०२१ चा. कारण अगदी खरं होतं, म्हाताऱ्या मालकांना किंमत न सांगता घरं लिहून घेतली जात होती, आणि हे थांबायलाच हवं होतं.

त्यामुळे आता फाइल उघडताना टायटलवाला आधी विचारतो की करारात असाइनमेंटची परवानगी लिहिलीये का, अर्नेस्ट मनी (बयाणा) एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्याकडच्या खात्यात, जमा आहे का, मालक वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का, आणि फी सेटलमेंट स्टेटमेंटवर (क्लोजिंगच्या हिशेबावर) उघड दाखवणार ना. करार करायच्या आधीच त्या राज्यातली असाइनमेंट करून देणारी टायटल कंपनी किंवा अ‍ॅटर्नी फोन करून शोधून ठेवा, करारावर सही झाल्यावर शोधलं तर क्लोजिंगची तारीख हातची जाते.