व्यापारचिन्हातील भ्रामक साम्य

आधीच्या व्यापारचिन्हाशी (ट्रेडमार्क) नव्या चिन्हाची इतकी जवळीक, की गिऱ्हाइकाची गफलत व्हावी. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ११ नुसार अशा चिन्हाची नोंदणी नाकारता येते. या नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे.

मुंबईतच सुरू झालेला ‘ग्लुविटा’ खटला आजही या विषयात पहिल्यांदा आठवतो. १९४९ मध्ये शांग्रिला फूड प्रॉडक्ट्सने बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ हे नाव नोंदवायला अर्ज केला. कॉर्न प्रॉडक्ट्स या कंपनीची जीवनसत्त्वयुक्त ग्लुकोज पावडर ‘ग्लुकोविटा’ नावाने आधीच खपत होती. तिने हरकत घेतली. नोंदणी कार्यालयातील अधिकाऱ्याने, म्हणजे उपनिबंधकांनी, अर्जदाराच्या बाजूने कौल दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो फिरवला, खंडपीठाने पुन्हा उलटा केला आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लुविटा’ची नोंदणी नाकारली. दहा वर्षे चाललेल्या या भांडणात दोन नावांमधला फरक होता एका ‘को’चा.

माल वेगळा, एकीकडे पावडर आणि दुसरीकडे बिस्किटे, हा बचाव टिकला नाही. बिस्किटांत ग्लुकोज पडतेच. तेव्हा दोन्ही एकाच घरची, असे लोकांना वाटू शकते. नावे शेजारी-शेजारी मांडून अक्षरे मोजायची नसतात, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. गिऱ्हाईक साधारण बुद्धीचे आणि त्याची आठवण अर्धवट, असे धरून अख्खे नाव पाहायचे. वाण्याच्या दुकानात तोंडी माल मागणाऱ्या शहराला हा निकष चपखल बसतो. बाजारात ‘ग्लुको’ने सुरू होणारी नावे ढीगभर आहेत, हा युक्तिवादही फोल ठरला: नोंदवहीतल्या नावांनी भागत नाही, ती प्रत्यक्ष वापरात असल्याचा पुरावा लागतो.

वेष्टनालाही हाच न्याय. पार्ले प्रॉडक्ट्सने म्हैसूरच्या एका उत्पादकावर केलेल्या दाव्यात (१९७२) दोन्ही पुड्यांवर मुलगी आणि गायी होत्या. तपशिलात फरक होता, पण एकूण छाप सारखीच, म्हणून निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

आज अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. विरोधाची प्रत मिळाल्यावर अर्जदाराने २ महिन्यांत उत्तर द्यावे लागते, नाहीतर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. छोट्या व्यावसायिकांनी ही मुदत विशेष सांभाळावी. नावात दम असूनही अर्ज इथेच बुडतो. दोघेही प्रामाणिकपणे तेच नाव वापरत आले असतील, तर कलम १२ खाली दोघांनाही नोंदणी मिळू शकते. नोंदणी १० वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण.

निबंधकांच्या निर्णयावरील अपिले काही काळ एका खास अपील मंडळाकडे जात. २०२१ मध्ये ते बरखास्त झाले आणि ‘ग्लुविटा’च्या काळाप्रमाणे ती पुन्हा उच्च न्यायालयात येऊ लागली.