आज्यांची रात्रगस्त

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी वसाहतींत, विशेषतः वाळ्पिरी लोकांत, वयस्क स्त्रियांनी रात्री वस्तीतून फिरून दारू, मारहाण आणि पेट्रोल हुंगण्याचे व्यसन यांपासून मुलाबाळांचे व बायकांचे रक्षण करण्याची प्रथा. (रोमन लिपीत या जमातीचे नाव ‘वार्लपिरी’ असे दिसते, पण त्यातील ‘र-ल’ ही जोडी मराठी ‘ळ’च्या एकाच ध्वनीसाठी, तर ‘र-न’ ही ‘ण’साठी योजलेली आहे. मराठी वाचकाला त्यामुळे ही नावे इंग्रजी वाचकापेक्षा सोपी जावीत.)

गस्तीच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार पहिली संघटित गस्त याच प्रांतातील टेनंट क्रीक या गावी जुलालिकारी या आदिवासी परिषदेने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केली. कोठडीतील आदिवासी मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने 1991 च्या अहवालातील 220 व्या शिफारशीत या परिषदेचा नावानिशी उल्लेख करून अशा स्वयंसेवी कामाला पुरेसा निधी देण्यास सुचवल्याने या मताला बळकटी मिळाली. दुसरे मत युएन्डुमूकडे बोट दाखवते. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे 290 किमी.वरील या गावात 1991 च्या सुमारास केवळ स्त्रियांची गस्त उभी राहिली. या दोन मतांत तारखांवर वाद घालण्यापेक्षा ‘जिलिमी’ या जुन्या संस्थेकडे पाहणे अधिक उचित वाटते. जिलिमी म्हणजे विधवा व एकट्या स्त्रियांचा वेगळा तळ. पुरुषांना तेथे मज्जाव असे, आणि नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बाई लेकरांसह तेथेच आसरा घेई. संघटनेचा साचा टेनंट क्रीकचा असला, तरी आज्यांच्या गस्तीची मुळे जिलिमीत असावीत.

गस्तीचे बळ नातेव्यवस्थेत आहे. मराठीत आईची आई आणि वडिलांची आई दोघीही ‘आजी’च, वाळ्पिरीत पहिली ‘जाजा’, दुसरी ‘यापळा’. शिवाय सारा समाज आठ उपविभागांत वाटलेला असून स्त्रियांची विभागनामे ‘न’ने, पुरुषांची ‘ज’ने सुरू होतात (नाम्पिजिन्पा, जाम्पिजिन्पा). आजीच्या विभागातील प्रत्येक स्त्री आजीच्या नात्यात बसते. त्यामुळे गस्तीवरील म्हातारीला अंधारातले पोर सहसा परके नसते. तिच्यापुढे वाटणारा संकोच ‘कुण्टा’ या शब्दाने सांगितला जातो; लाज आणि आदर हे दोन्ही अर्थ त्यात आहेत.

युएन्डुमूत सुरुवातीला ना वाहन होते ना पगार. वृद्ध स्त्रिया हातात लाकडी सोटे घेऊन पायीच फिरत. पोलिसी अधिकार त्यांना नव्हते. समजावणे, दरडावणे, मुलाला घरी वा नातलगाकडे पोचवणे एवढेच हाती. पोलीस वा बालकल्याण खात्याला बोलावण्याचा मार्ग खुला असला, तरी मुले आईबापांपासून तोडून नेण्याच्या जुन्या सरकारी धोरणाची दहशत घराघरात होती. तक्रार करावी तर मूलच हिरावले जाण्याचे भय.

1994 मध्ये याच गावाने माउंट थियो कार्यक्रम आरंभला. पेट्रोल हुंगणाऱ्या मुलांना सुमारे 160 किमी. दूरच्या माउंट थियो येथील वस्तीवर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली ठेवले जाई. पेगी नाम्पिजिन्पा ब्राउन या त्याच्या संस्थापकांपैकी एक. 2000 नंतरच्या दोन-तीन वर्षांत युएन्डुमूतून हे व्यसन जवळपास नाहीसे झाले. हुंगून नशा न येणारे ‘कमी अरोमॅटिक’ पेट्रोल वाळवंटात 2005 पासून, म्हणजे त्यानंतर, येऊ लागले, हे येथे ध्यानात घ्यावे.

जून 2007 मध्ये रेक्स वाइल्ड व पॅट अँडरसन यांचा बालकांच्या लैंगिक शोषणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील 97 शिफारशींत पहिल्याच शिफारशीने आदिवासींशी खरी सल्लामसलत करण्यावर भर दिला होता. केंद्र सरकारने काही दिवसांतच सैन्याच्या मदतीने ‘हस्तक्षेप’ जाहीर केला, दारूबंदी लादली, निर्वाहभत्त्याचा निम्मा भाग रोखला आणि वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता स्थगित ठेवला. गस्तीला मात्र निधी मिळाला; ती हस्तक्षेपासाठी ठरवलेल्या 73 वसाहतींत पसरली. जुलै 2008 मध्ये गावोगावच्या स्थानिक परिषदा जाऊन ‘शायर’ (अनेक गावांचे एकत्रित स्थानिक प्रशासन) आले व गस्त त्यांच्या नोकरशाहीत गेली. पगार, गाडी, कामाचे तास हे प्रश्न सुटले. म्हाताऱ्यांचा शब्द मात्र मागे पडला, अशी टीका अभ्यासक करतात व ती बहुतांशी पटण्याजोगी आहे.

2014 मध्ये न्यू साउथ वेल्समधील गनेडा येथे सुरू झालेली आज्यांची चळवळ याहून निराळी. तिचा रोख घरातील हिंसेपेक्षा मुले उचलून नेणाऱ्या बालकल्याण खात्यावर आहे. नेलेले मूल निदान नातलगांकडे ठेवावे, ही तिची मागणी.