नॅट ‘ओपन’ केल्याने डाउनलोडचा वेग वाढत नाही

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर सिनेमा, गेम उतरताना रखडला की सल्ला ठरलेला: राउटरमध्ये जा, पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा) उघडा, नॅट (घरातली सगळी उपकरणं एकाच इंटरनेट पत्त्यावरून बाहेर जोडणारी राउटरची सोय) ‘ओपन’ करा, वेग वाढेल. हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

बाहेरचा खेळाडू तुमच्या कन्सोलपर्यंत थेट पोचू शकतो का, एवढंच नॅटच्या प्रकारावर ठरतं. ऑनलाइन सामने, पार्टी चॅट यांना त्याने खरंच फरक पडतो. डाउनलोडमध्ये मात्र कन्सोल स्वतःच सर्व्हरकडे जोडणी मागतो, आणि आतून बाहेर जाणारी अशी जोडणी ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे सगळ्यात कडक नॅटही अडवत नाही. वेगासाठी कन्सोल डीएमझेडमध्ये, म्हणजे राउटरच्या संरक्षणाबाहेर, टाकणं तर नकोच. सगळी पोर्टं विनाकारण उघडी पडतात.

मग रखडतं कशामुळे? बऱ्याचदा वाय-फायमुळे. एकदा लॅन केबल लावून बघाच. पीएस४वर मागे गेम चालू असेल तर तो पूर्ण बंद करा. गेम चालू असताना डाउनलोडचा वेग खूप घसरतो. आणि हिशोबही तपासा: १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे सेकंदाला १०० नव्हे, १२.५ मेगाबाइट. ५० जीबीच्या गेमला तासाहून जास्त वेळ लागणारच, त्यात बिघाड काही नाही.