फेब्रुवारीतला चषक आणि कोवळी पोरं

मार्च २०१३. मेलबर्नच्या डॉकलंड्स मैदानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या ब्रिस्बेन लायन्स संघाने कार्लटनला ४० गुणांनी हरवलं आणि हंगामापूर्वीचा चषक उचलला. पुढचं वर्ष कसं गेलं ते बघा. ऑगस्टमध्ये प्रशिक्षक मायकेल व्हॉसला नारळ मिळाला. अठरा संघांत ब्रिस्बेन बारावा आला. हंगाम संपल्यावर सॅम डॉकर्टी, इलियट येओ, जॅरेड पोलेक, बिली लाँगर आणि पॅट्रिक कार्नेझिस ही पाच तरुण पोरं क्लब सोडून गेली. यांच्याच जोरावर पुढचा संघ उभा करायचा होता. डॉकर्टी तर ज्या कार्लटनला हरवून चषक आणला, त्याच कार्लटनकडे गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती चषक राहिला.

हा चषक पुढे कोणालाच मिळाला नाही, कारण २०१४ पासून लीगने तो बंदच केला. सामने राहिले, अंतिम फेरी गेली. पण हंगामाआधीचे सामने जिंकायचे की त्यात पोरं तयार करायची, हा वाद २०१३ मध्ये सुरू झाला नव्हता. त्याची मुळं पार १९५६ पर्यंत जातात.

आपल्याकडे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड माहीत नसलेला माणूस विरळा. त्याच मैदानावर हिवाळ्यात जो लंबगोल चेंडूचा खेळ चालतो, तो हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या बोलीत 'फूटी'. एका बाजूला अठरा खेळाडू, चार खांब, मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण, बाजूने गेला तर एक. हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर अंतिम सामना होतो. म्हणजे तयारीचे सामने येतात ते तिथल्या ऐन उन्हाळ्यात.

१९५६ साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय लीगच्या पूर्वरूपाने, रात्रीच्या दिव्यांखाली एक छोटी स्पर्धा सुरू केली. जागा साउथ मेलबर्नचं लेक ओव्हल मैदान. ही स्पर्धा हंगामाच्या आधी नव्हती, शेवटी होती. बारापैकी चारच संघ अंतिम फेऱ्यांत जायचे, उरलेल्या आठांनी सप्टेंबरात काय करायचं? त्यांनी दिव्यांखाली खेळायचं. पंगत उठल्यावर उरलेल्यांना वाढावं तसा प्रकार. पहिला मान यजमान साउथ मेलबर्नलाच मिळाला. १९७१ पर्यंत हे चाललं. १९७२ पासून अंतिम फेऱ्यांत पाच संघ घ्यायला सुरुवात झाली आणि हा रात्रीचा फड उठला.

त्या काळात पोरांचं काय, हा प्रश्न या स्पर्धेला कोणी विचारलाच नाही. विचारायचं कारणही नव्हतं. प्रत्येक क्लबाचा राखीव संघ होता, त्याची स्वतंत्र स्पर्धा १९१९ पासून सुरू होती. १९४६ पासून एकोणीस वर्षांखालच्यांचीही वेगळी स्पर्धा होती. शनिवारी सकाळपासून एकाच मैदानावर आधी पोरं, मग राखीव, मग मुख्य संघ असा दिवस चाले. सोळा-सतराचा मुलगा तीन पायऱ्या चढत वर यायचा, आणि त्याला पारखणारे डोळे दर आठवड्याला तिथे बसलेले असायचे. गावाकडची पोरंही ठरलेली, कारण १९६८ पासून प्रत्येक क्लबाला खेडोपाडीचा आपापला इलाखा वाटून दिलेला होता.

१९७७ मध्ये रात्रीची स्पर्धा परतली, या वेळी वेव्हर्ली पार्कवर, मुख्य हंगाम चालू असतानाच, आठवड्याच्या मधल्या वारी. टीव्हीला सामने हवे होते, प्रायोजकांना नाव. पुढे यात दुसऱ्या राज्यांचे संघही आले. प्रशिक्षकांची मात्र पंचाईत: शनिवारी खरा सामना, आणि मंगळवारी रात्री पुन्हा तेच थकलेले पाय. १९८८ पासून ही स्पर्धा सरळ हंगामाच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये नेली. हंगामापूर्वीचा चषक म्हणतात तो इथून. सिगारेटवाल्यांपासून टीव्ही, बिअर, विमान, गृहकर्ज आणि शेवटी बँक, अशी त्याची नावं बदलत गेली. या यादीवरून ऑस्ट्रेलियाच्या तीसेक वर्षांच्या बाजारपेठेचा इतिहास लिहिता येईल, पण तो विषय वेगळा.

त्याच सुमारास खाली पायऱ्या निखळायला लागल्या. १९८६ मध्ये पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला, म्हणजे नव्या पोरांची क्लबांनी पाळीपाळीने निवड करायची पद्धत आली. आता सर्वांत खालच्या संघाला सर्वांत आधी निवड, म्हणजे हरण्याला भाव आला. १९९१ नंतर क्लबांचे एकोणिशीखालचे संघ बंद झाले आणि १९९२ पासून अठरा वर्षांखालच्यांची स्वतंत्र प्रादेशिक स्पर्धा सुरू झाली. राखीव संघांची स्पर्धा १९९९ ला संपली. त्यानंतर मेलबर्नच्या क्लबांनी आपली पोरं राज्य पातळीवरच्या दुसऱ्याच क्लबांत खेळायला धाडली. तिथला प्रशिक्षक वेगळा, डावपेच वेगळे, आणि त्या क्लबाला स्वतःचे सामने जिंकायचे होते. आपलं पोर आपल्याच जर्सीत, आपल्याच खेळाडूंच्या शेजारी कसं खेळतं, हे बघायला प्रशिक्षकाच्या हातात फेब्रुवारीच उरला. आणि नेमक्या त्याच फेब्रुवारीत चषक, बक्षिसाची रक्कम आणि टीव्हीचे कॅमेरे येऊन बसले होते.

दोन्ही गोष्टी एकदम साधल्याचं ठळक उदाहरण म्हणजे १९९३ चं एसेंडन. केव्हिन शीडी १९८१ पासून तिथे प्रशिक्षक. त्या वर्षी त्याने पोरसवदा संघ उतरवला, लोकांनी त्याला 'बेबी बॉम्बर्स' नाव दिलं. जेम्स हर्ड, मार्क मर्क्युरी, जो मिसिती, आणि वीस वर्षांचा गॅव्हिन वॉन्गानीन, ज्याने त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक पटकावलं. हर्ड तर १९९० च्या ड्राफ्टात ७९ व्या क्रमांकावर, जवळजवळ झाडून गोळा केल्यासारखा उचललेला. बचावात होता डस्टिन फ्लेचर, जो अजून शाळेत बारावीला होता. मे महिन्यात, अठरावं लागायला आठवडाभर असताना, या मुलाला जीलाँगच्या गॅरी अ‍ॅब्लेटसमोर उभं केलं. अ‍ॅब्लेटने त्या दिवशी चौदा गोल मारले. सामना तरीही एसेंडनने जिंकला, कारण दुसऱ्या टोकाला पॉल सॅमनने दहा मारले होते. फ्लेचरला कोणी बाजूला काढून ठेवलं नाही. पुढे तो ४०० सामने खेळला.

एसेंडनने त्या वर्षी हंगामापूर्वीचा चषकही घेतला आणि सप्टेंबरात अजिंक्यपदही. उपांत्य सामन्यात ॲडलेडविरुद्ध मध्यंतराला ४२ गुणांनी मागे पडूनही जिंकले. या कथेतून बहुतेकांनी सोपा अर्थ काढला: पोरांना खेळवा, जिंकाल. पण त्या संघात पोरांच्या आजूबाजूला कोण होतं तेही बघायला हवं. कर्णधार मार्क थॉम्पसन जुना गडी, मार्क हार्वी तसाच. टिम वॉटसन तर निवृत्त होऊन गेलेला, त्याला शीडीने परत बोलावलं. आपल्याकडे नव्या बैलाला जोडी देताना मुरलेला बैल शोधतात, त्यातलाच हा हिशेब. माझ्या मते १९९३ चं खरं गमक हे शेजारपण, आणि नक्कल करणाऱ्यांकडून नेमकं तेच निसटलं.

उलटं चित्र कार्लटनचं. २००२ च्या अखेरीस पगारमर्यादेचे नियम मोडल्याबद्दल क्लबाला ९ लाख ३० हजार डॉलरचा दंड झाला, आणि त्याहून जिव्हारी लागणारं म्हणजे ड्राफ्टातल्या वरच्या निवडी काढून घेतल्या. ब्रेंडन गोडार्ड आणि डॅनियल वेल्स ही त्या वर्षीची पहिली दोन नावं दुसरीकडे गेली. नवी पोरं येण्याचं दारच बंद. प्रशिक्षक डेनिस पेगनने इतर क्लबांनी सोडलेल्या, तयार खेळाडूंवर संघ उभा केला. बुडत्याला काडीचा आधार तसा २००५ चा हंगामापूर्वीचा चषक त्यांना मिळाला. अंतिम सामन्यात हरवलं ते वेस्ट कोस्टला. सप्टेंबर आला तेव्हा कार्लटन सोळापैकी सोळावा होता. वेस्ट कोस्टने मात्र त्याच वर्षी अंतिम सामना गाठला, चार गुणांनी हरले, आणि पुढच्या वर्षी एका गुणाने अजिंक्यपद घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. २००७ मध्ये कार्लटनने पुन्हा चषक जिंकला आणि पुन्हा जवळजवळ तळ गाठला, पंधरावं स्थान. जुलैत पेगन गेला. शेवटचे अकरा सामने ओळीने हरले. हंगामाचा अखेरचा सामना मेलबर्नशी होता. त्यात कार्लटन जिंकलं असतं तर विजय पाच झाले असते आणि ड्राफ्टातली, दुबळ्या संघांसाठी राखलेली विशेष पहिली निवड हातची गेली असती. ती निवड ज्याच्यावर पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्या उंचपुऱ्या मॅथ्यू क्रूझरच्या नावानेच लोकांनी सामन्याचं बारसं केलं: 'क्रूझर कप'. कार्लटन हरलं, क्रूझर मिळाला. म्हणजे एकाच वर्षात या क्लबाने मार्चमध्ये जिंकण्याचा फायदा नसलेला सामना जिंकला आणि सप्टेंबरात हरण्यात फायदा असलेला सामना हरला.

असं का होतं, ते कळायला फेब्रुवारीतला एखादा सामना शेवटपर्यंत बघावा. चाळीसएक खेळाडूंच्या ताफ्यातून मुख्य सामन्याला बावीस-तेवीस उतरतात, इथे त्याहून जास्त चालतात. पहिल्या दोन सत्रांत नामवंत गडी धावतात, घाम काढतात. तिसऱ्या सत्रात एकेक जण गुडघ्याला बर्फ बांधून बाकावर. चौथ्या सत्रात मैदानावर असतो नोव्हेंबरात ड्राफ्ट झालेला मुलगा. आल्या आल्या त्याची दोन किलोमीटरची धाव घड्याळ लावून मोजलेली असते. पहिल्या चार वर्षांच्या खेळाडूंना ज्येष्ठांच्या आधी सरावाला बोलावतात, त्यामुळे उन्हाळाभर तो जिममध्ये आणि मैदानावर रापलेला असतो, पण खांदे अजून शाळकरी. समोरून नव्वद किलोचा माणूस अंगावर येतो, आणि चेंडू हातातून सुटतो. तिसऱ्या सत्रापर्यंत पाच गोलांनी पुढे असलेला संघ दोन गोलांनी हरतो. फलकावर एकच आकडा दिसतो, पण प्रत्यक्षात दोन वेगळे सामने झालेले असतात, आणि प्रशिक्षकाला हवी असलेली माहिती दुसऱ्यात असते: चेंडू सुटल्यावर पोरगा पुढच्या चेंडूवर गेला की नाही.

ज्येष्ठांना बाकावर बसवण्यामागे भीतीही असते. सिडनीचा ॲलेक्स जॉन्सन २०१२ च्या विजेत्या संघात होता. २०१३ च्या हंगामापूर्वीच्या तयारीत त्याचा गुडघा गेला. पाच वेळा गुडघ्याची पुनर्रचना करून तो मुख्य संघात परतला तो थेट ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि दुसऱ्याच सामन्यात पुन्हा गुडघ्याने दगा दिला. असं एक नाव समोर असलं की कोणता प्रशिक्षक चषकासाठी आपला मोहरा पणाला लावेल?

लीगलाही या सामन्यांचा दुसराच उपयोग दिसत होता, नवे नियम चाचपून बघण्याचा. २००३ पासून पन्नास मीटरच्या रेषेबाहेरून मारलेल्या गोलाला नऊ गुण दिले गेले. प्रेक्षकांना मजा, पण ज्या पोराला जवळच्या मोकळ्या साथीदाराकडे चेंडू द्यायला शिकवायचं, त्याला लांबून मारायचं आमिष दाखवायचं, हे मला कधी पटलं नाही. २०११ ला गोल्ड कोस्ट हा सतरावा संघ आला, २०१२ ला ग्रेटर वेस्टर्न सिडनी हा अठरावा. दोन्ही पोरांनी भरलेले. दुसऱ्याचा प्रशिक्षक पुन्हा शीडीच. या वेळी संघात पोरंच इतकी होती की शेजारी उभे करायला मुरलेले गडी पुरेनात, आणि पहिल्या वर्षी दोनच विजय मिळाले.

निव्वळ पोरांवर विसंबण्याची किंमत मेलबर्न क्लबानेही मोजली. २००८ च्या ड्राफ्टातली पहिली निवड जॅक वॉट्स, २००९ च्या पहिल्या दोन निवडी टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. २०१० अखेर कर्णधार जेम्स मॅकडोनल्डला करार दिला नाही. २०११ मध्ये जीलाँगकडून १८६ गुणांनी हार आणि प्रशिक्षक डीन बेली बाहेर. २०१२ ला विशीतला ट्रेंगोव्ह सहकर्णधार. शिकवायचं कोणी, तर ज्याला अजून स्वतःलाच शिकायचं होतं त्याने.

२०१४ पासून चषक नाही, अंतिम सामना नाही. प्रत्येकाच्या वाट्याला मोजकेच सामने. बऱ्याचदा ते उपनगरांतल्या आणि गावांतल्या मैदानांवर होतात, जिथे कुंपणाला टेकलेली मुलं खेळाडूंच्या सह्या मागतात. गुणफलक अजून लावतात, पण पत्रकार परिषदेत प्रशिक्षक त्याच्याबद्दल बोलायचं टाळतात.

ब्रिस्बेनला वळण लागलं ते २०१७ मध्ये, ख्रिस फेगन आल्यावर. तो हॉथॉर्नमध्ये प्रशिक्षण आणि खेळाडू घडवण्याचं काम बघायचा. पहिल्या वर्षी संघ अगदी तळाला गेला. पुढच्या वर्षी त्याने हॉथॉर्नमधून निवृत्त होऊ घातलेल्या ल्यूक हॉजला आणलं, चेंडूसाठी कमी आणि पोरांच्या शेजारी उभं राहायला जास्त. २०२४ मध्ये ब्रिस्बेनने सिडनीला ६० गुणांनी हरवून अजिंक्यपद घेतलं, आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला वीस वर्षांचा विल ॲशक्रॉफ्ट.

त्या दिवशी मैदानावर डेन झॉर्को होता, पस्तीस वर्षांचा. २०१३ च्या ब्रिस्बेन ताफ्यातही तो होता. निघून गेलेल्या त्या पाच जणांसारखा लहान वयात हेरलेला हिरा मात्र नव्हता. ड्राफ्टामागून ड्राफ्ट त्याला कोणी घेतलं नव्हतं, आणि मुख्य संघातून पहिला सामना खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.